बॅकलाइनमधल्या तिघांना लागलंय आणि शनिवारी मॅच आहे: टीम कशी लावायची?

गुरुवारी रात्री साडेदहाला मेसेज येतो. ग्रुपवर नाही, खासगीत. "सर, थोडं लागलंय, पण शनिवारी खेळणार." रग्बीची टीम सांभाळायची असेल तर या वाक्यातला 'थोडं' हा शब्द आधी खोडायला शिका.

मुंबईत रग्बीचा हंगाम म्हणजे पावसाळा. क्रिकेटवाले खेळपट्टी झाकून घरी जातात तेव्हा आमची पोरं चिखलात उतरतात. बॉम्बे जिमखाना १८७५ सालचा. त्याच्या हिरवळीवर रग्बी कित्येक पिढ्या चालत आली आहे. अभिनेता राहुल बोस भारताकडून रग्बी खेळला, हेही बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण आझाद मैदानाच्या कडेला कांदिवली, विक्रोळी, परळची पोरं बॅगा टाकून सराव करतात, त्यांच्या टीमला ना डॉक्टर असतो ना चाळीस खेळाडूंची फौज. वीस-बावीस नावं असतात. त्यातली तीन गेली की रात्रीची झोप गेली. हा लेख अशा टीमसाठी आहे.

नवख्यांसाठी एवढंच: पंधरा जणांत १ ते ८ क्रमांकाचे फॉरवर्ड, म्हणजे स्क्रममध्ये ढकलाढकली करणारे. ९ ते १५ म्हणजे बॅकलाइन. ९ स्क्रम-हाफ, १० फ्लाय-हाफ, १२ आणि १३ सेंटर, ११ आणि १४ विंगर, १५ फुलबॅक.

१. आधी खरं काय ते काढून घ्या

कागदावर तीन रकाने करा: खेळणार नाही, बघू, फिट. स्वतःच्या तोंडाने कोणी पहिल्या रकान्यात जात नाही. एकदा आमचा विंगर "एकदम फिट आहे सर" म्हणत होता. सरावाला जाताना सीएसएमटीच्या सबवेत तो माझ्या पुढे चालत होता. चढताना ठीक. उतरताना मात्र डावा हात कठड्यावर आणि प्रत्येक पायरीवर उजवा पाय आधी. मैदानावर पोचायच्या आत माझा रकाना भरला होता.

मांडीच्या मागचा स्नायू, ज्याला सगळे हॅमस्ट्रिंग म्हणतात, तो चालताना गप्प असतो आणि पूर्ण वेगात धावल्यावर बोलतो. त्यामुळे जॉगिंग करून दाखवलं की झालं, असं धरू नका. गुरुवारी किंवा शुक्रवारी नीट वॉर्म-अप करून चाळीस मीटर पूर्ण जोरात पळायला लावा, मग एकदम थांबायला, मग दिशा बदलायला. धावताना त्याच्या पायाकडे बघू नका, चेहऱ्याकडे बघा. घोट्यासाठी एका पायावर उड्या. खांदा असेल तर जमिनीवर दंड मारायचे आणि टॅकल बॅगवर दोन्ही बाजूंनी पाच-पाच टॅकल, म्हणजे समोरच्याला धरून पाडणं. यातलं काहीही दुखलं तर 'बघू' रकान्यातलं नाव 'नाही'त न्यायचं. खांदा निखळलेला असेल तर ही चाचणीसुद्धा घ्यायची नाही. तो मैदानात बसवायचा प्रयत्न कोणी करायचा नाही, कुणाचा मामा कितीही पटाईत असला तरी. आणि परत कधी खेळायचं ते डॉक्टर आणि फिजिओच ठरवतील.

पावसाळ्यातली आणखी एक गोष्ट. खरचटलेल्या गुडघ्यांनी पोरं साचलेल्या पाण्यात लोळलेली असतात. मुंबईत त्या पाण्याचा अर्थ लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप. जखम साबणाने धुवा, झाका, आणि बहात्तर तासांच्या आत डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक औषध लागतं का ते ठरवा. मंगळवारी ताप आलेला सेंटर शनिवारी चालत नाही. आणि तो ताप अंगावर काढायचा नसतो.

२. डोक्याला लागलं असेल तर चर्चा नाही

आंतरराष्ट्रीय सामन्यात डोक्याला मार लागल्याची शंका आली तर खेळाडूला बाहेर नेऊन डॉक्टर तपासतात, तेवढ्यापुरता बदली खेळाडू आत येतो. आपल्याकडे तसा डॉक्टर नसतो, म्हणून आपला नियम सोपा: शंका आली की बाहेर, आणि त्या दिवशी परत आत नाही. क्लब पातळीवर वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेच्या सूचनांप्रमाणे पुन्हा सामना खेळायच्या आधी किमान २१ दिवस जावे लागतात. पहिले एक-दोन दिवस विश्रांती, मग टप्प्याटप्प्याने व्यायाम. अंगाला अंग लागणारा सराव डॉक्टरांनी होकार दिल्यावरच.

माझ्याकडून ही चूक झालेली आहे. एका पोराचं डोकं टॅकलमध्ये गुडघ्यावर आपटलं. तो उठला, हसला, मी त्याला दहा मिनिटं बसवून परत पाठवला. संध्याकाळी चर्चगेटला लोकलची वाट बघताना त्याने मला स्कोअर विचारला. मी सांगितला. गाडी येईपर्यंत त्याने तोच प्रश्न पुन्हा विचारला. त्या रात्री मी त्याच्या आईला काय सांगितलं ते आजही मला आठवू नये असं वाटतं.

वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, मान दुखणं, झटके, ग्लानी, हातापायातली ताकद जाणं, यातलं एकही दिसलं तर १०८ ला फोन करा. मान दुखत असेल तर त्याला हलवू नका.

३. कोण कुठे बसू शकतो, त्याचा तक्ता करा

हे काम हंगामाच्या सुरुवातीला करायचं असतं आणि सगळे ते जखमा झाल्यावर करतात. डावीकडे सगळ्या बॅकची नावं, वर ९ ते १५. प्रत्येकासमोर 'नेहमीची जागा', 'खेळलाय', 'अडीनडीला' यातलं एक. 'वेगवान आहे, कुठेही चालेल' असं लिहायचं नाही. खो-खोतून आलेली पोरं वाऱ्यासारखी पळतात, म्हणून त्यांना कुठेही टाकायचा मोह होतो. त्यांना सुरुवातीला विंग द्या. तिथे चूक झाली तरी मागे फुलबॅक असतो.

अवघड जागा कोणत्या, यावर आमच्याकडे चहाच्या टपरीवर भांडणं झाली आहेत. ९ आणि १० अवघड, हे सगळ्यांना मान्य. चेंडू प्रत्येक वेळी त्यांच्याच हातून जातो. माझं मत विचाराल तर सगळ्यात फसवी जागा १३. चेंडू हातात असताना ती सोपी वाटते. बचावात मात्र समोर मोकळं मैदान, आत १२, बाहेर विंगर, आणि पुढे जायचं की थांबायचं हे अर्ध्या सेकंदात ठरवायचं. तिथे नवखा उभा केला की समोरची टीम दुसऱ्याच मिनिटाला ओळखते.

४. भोक दोन असतील तर पाच खुर्च्या हलवू नका

या लेखातलं माझं खरं सांगणं हेच आहे. एक उदाहरण घेऊ.

फ्लाय-हाफचं हॅमस्ट्रिंग गेलं. १३चा खांदा गेला. डावा विंगर 'बघू'मध्ये होता, शुक्रवारी पळाला, पास झाला. म्हणजे रिकाम्या जागा दोन: १० आणि १३. हाताशी बेंचवरचा एक स्क्रम-हाफ आहे, ज्याची किक बरी आहे. उजवा विंगर गेल्या वर्षी चार सामने १३वर खेळलाय. एक खो-खोवाला पोरगा आहे. शिवाय एक फ्लँकर आहे, म्हणजे फॉरवर्ड, जो "मी १२ खेळू का?" असं दर आठवड्याला विचारतो.

पहिला आराखडा रात्री अकरा वाजता सुचतो आणि फार हुशार वाटतो. फुलबॅकचे हात सगळ्यात चांगले, त्याला १०वर आणा. उजवा विंगर फुलबॅकला. १२ सरकेल १३वर. फ्लँकर १२वर. खो-खोवाला उजव्या विंगवर. कागदावर प्रत्येक जागी बरा माणूस आहे. पण मोजा: दोन भोकं बुजवायला पाच जागा हलल्या, आणि वर फॉरवर्डमध्ये तिसरं भोक पाडलं. स्वतःच्या जागेवर उरले फक्त ९ आणि डावा विंगर.

दुसऱ्या आराखड्यात बेंचवरचा स्क्रम-हाफ १०वर, उजवा विंगर १३वर, खो-खोवाला त्याच्या विंगवर. तीन जागा हलल्या. १२ तिथेच, त्यामुळे नव्या फ्लाय-हाफच्या बाहेर आणि नव्या १३च्या आत एक ओळखीचा आवाज आहे. फुलबॅक तिथेच, त्यामुळे खो-खोवाल्याच्या मागे भिंत आहे. मी दर वेळी हाच घेतो.

कबड्डी खेळलेल्याला हे समजवावं लागत नाही. साखळी धरून पकड करणारी जोडी महिनोन् महिने एकत्र सराव करते. त्यातला एक बदलला तर दुसऱ्याची पकडसुद्धा ढिली पडते. बॅकलाइनचा बचावही तसाच साखळीचा. १२ आणि १३ ही जोडी एकाच वेळी दोन्हीकडून तोडू नका.

मोठ्यांनीही हेच केलं आहे. २०११च्या विश्वचषकात न्यूझीलंडचा फ्लाय-हाफ डॅन कार्टर सरावात जखमी होऊन बाहेर गेला. त्याच्या जागी आलेला कॉलिन स्लेड उपांत्यपूर्व सामन्यात गेला. मग एरन क्रूडन, तोही अंतिम सामन्यात गुडघा धरून बाहेर. आत आला स्टीफन डोनल्ड, जो मूळ संघात नव्हताच. बोलावणं आलं त्या वेळी तो मासे पकडत होता. संघाचा स्क्रम-हाफ पिरी वीपू किकही मारायचा, १०वरही खेळू शकायचा, पण अंतिम सामन्यात त्याला त्याच्या जागेवरून हलवलं नाही. फ्लाय-हाफच्या जागी फ्लाय-हाफच आला. फ्रान्सविरुद्ध न्यूझीलंड ८-७ने जिंकलं, आणि त्यातले तीन गुण डोनल्डच्या पेनल्टीचे.

५. बेंचवर कोण?

आंतरराष्ट्रीय संघात २३ जण, म्हणजे बेंचवर आठ. रूढ पद्धत पाच फॉरवर्ड आणि तीन बॅक ठेवायची. दक्षिण आफ्रिकेने २०२३च्या अंतिम सामन्यात सात फॉरवर्ड आणि एकच बॅक ठेवला आणि न्यूझीलंडला १२-११ असं हरवलं. ते बघून आमच्याकडच्या एका मॅनेजरनेही तसंच करायचं ठरवलं होतं. विसाव्या मिनिटाला दोन बॅक लंगडत बाहेर आले. पुढचं सांगत नाही.

अठरा जणांची टीम असेल तर बेंचवर किमान एक बॅक असा हवा, जो तीन जागा सांभाळेल. विंग, फुलबॅक आणि एखादा सेंटर असा मेळ चांगला. फ्रंट रोचा, म्हणजे स्क्रममधल्या पहिल्या ओळीचा, राखीव खेळाडू मात्र त्याच जागेचा शिकलेला हवा, तिथे अडीनडीचा माणूस टाकणं धोक्याचं आणि नियमाबाहेरचं.

आणि पुढची जखम आधीच लिहून ठेवा. वरच्या उदाहरणात राखीव स्क्रम-हाफ १०वर गेला. आता खुद्द ९ला लागलं तर? १०वरचा मुलगा ९वर, फुलबॅक १०वर, बेंचवरचा बॅक फुलबॅकला. हे शुक्रवारीच त्या तिघांना सांगा. मैदानात भर पावसात ओरडून सांगायची ही गोष्ट नाही. कधी कधी नशीबही साथ देतं. २०१५च्या विश्वचषकात वेल्सचे बॅक एकामागून एक जखमी झाले आणि लॉइड विल्यम्स हा स्क्रम-हाफ विंगवर आला. त्यानेच धावता धावता चेंडू आत किक केला, त्यावर गॅरेथ डेव्हिसने ट्राय केला, म्हणजे चेंडू गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवला, आणि वेल्सने इंग्लंडला २८-२५ने हरवलं. गंमत म्हणजे डेव्हिसही स्क्रम-हाफच.

६. खेळ सोपा करा

नवीन बॅकलाइनला दहा चाली देऊ नका. तीन पुरेत. एक सरळ आत घुसण्याची, एक विंगपर्यंत चेंडू नेण्याची, एक किकची. ओला चेंडू साबणाच्या वडीसारखा निसटतो, तेव्हा लांब पासचा हट्ट नको.

शुक्रवारी वीस मिनिटं फक्त १०, १२ आणि १३ला बाजूला घ्या आणि फक्त बचाव करून घ्या. समोरून चार पोरं चेंडू घेऊन येऊ द्या. तिघांनी तोंडाने बोललंच पाहिजे: "माझा", "आत", "थांब". पहिली पाच मिनिटं सगळे मुके असतात. लाजतात. तेव्हा मी सराव थांबवतो आणि त्यांना दादर स्टेशनवर हरवलेल्या भावाला हाक मारायला लावतो. मग आवाज फुटतो.

७. फोन करा, मग यादी टाका

यादी ग्रुपवर टाकायच्या आधी तीन फोन: जो बाहेर गेला त्याला, ज्याची जागा बदलली त्याला, आणि फ्लँकरला, ज्याला याही आठवड्यात १२ मिळालं नाही. हा तिसरा फोन सगळ्यात लांबतो. जखमींना घरी बसवू नका. एकाला पाण्याच्या बाटल्या द्या, दुसऱ्याला टचलाइनवर, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेवर, उभा करून समोरच्या १३वर नजर ठेवायला सांगा. ज्याची जागा गेली त्याला त्या जागेतलं सगळं दिसतं.

मॅच झाल्यावर बर्फ, म्हणजे आमच्याकडे कोपऱ्यावरच्या सरबतवाल्याकडून पिशवीभर, फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं. आणि रविवारी सकाळी "कसं आहे?" असं विचारू नका. उत्तर ठरलेलं असतं. "जिना उतरून दूध आणायला कोण गेलं?" असं विचारा.