पहिली डिस्क गोल्फ स्पर्धा? कोणत्या डिव्हिजनला नाव द्यायचं

लातूर-नांदेडकडून पहिल्यांदाच डिस्क गोल्फच्या (फ्रिसबीसारखी डिस्क फेकून चेनच्या बास्केटमध्ये टाकायचा खेळ) टूर्नामेंटला जायलात ना, मग आधी एखादी १८ बास्केटची राऊंड खरंखुरं मोजून खेळा, म्हणजे ओबीचा (डिस्क हद्दीबाहेर गेल्याचा) पेनल्टी धरायचा, बास्केटजवळचा शेवटचा थ्रो (पट) सोडून द्यायचा नाही, डिस्क बास्केटमध्ये नाहीतर चेनमध्ये बसली की मगच होल संपला. तो स्कोअर हातात आला की निम्मं काम झालं. पीडीजीएच्या (डिस्क गोल्फची संघटना) रेटिंगमध्ये १००० म्हणजे स्क्रॅच प्लेअर, म्हणजे कोर्सच्या प्रमाण स्कोअरइतकं खेळणारा, अन् त्याच्यापेक्षा एक थ्रो जास्त लागला की साधारण १० पॉइंट कमी धरतात, त्यावरून आपण कुठं बसतो ते कळतंय.

ॲमॅच्युअरमध्ये डिव्हिजन म्हणजे गट वरून खाली ॲडव्हान्स्ड, इंटरमीडिएट, रिक्रिएशनल, नोव्हिस असं असतंय. नवीन माणसानं बिनधास्त नोव्हिस नाहीतर रिक्रिएशनल घ्यावं, त्यात कमीपणा काय बी नाही, उलट आपल्यासारख्यांसोबत एका कार्डवर (एकत्र खेळणाऱ्या गटात) खेळलं की नियम, टर्न, स्कोअर लिहिणं सगळं निवांत शिकता येतंय. मित्र ॲडव्हान्स्डला आहे म्हणून त्याच्या मागं जाऊ नका! रेटिंग आल्यावर वरच्या डिव्हिजनला कधीबी जाता येतंय, खाली यायला मात्र रेटिंगची मर्यादा आडवी येते.

चाळिशी गाठली असेल तर वयाचे गटबी बघा, आणि बायकांना मिक्स्ड डिव्हिजनमध्येबी खेळता येतंय.