टॅक्सी करताना वाट चुकलात तर

इंदूरच्या मुलांना विमान पहिल्यांदा जवळून दिसतं ते बहुतेक बिजासन टेकडीवरून. देवीचं दर्शन आटोपलं की आम्ही भावंडं कठड्याशी जाऊन उभी राहायचो आणि खाली विमान सुटेपर्यंत कुणी घरी चला म्हटलं तरी हलायचो नाही. तेव्हा डोळ्यांत भरायचं ते उड्डाण. त्याआधी विमान कुठून कुठे चालत जातं, हे कुणी पाहतं का! आता मी एअरबस ए320 विमानावर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक आहे. ओळखीतली मुलं विचारतात, "ताई, लँडिंग फार अवघड असतं ना?" असतंच. पण पहिल्या वर्षी मला खरा घाम फुटला तो जमिनीवर, टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवरून चालवत नेताना.

आपल्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावर एकच धावपट्टी आहे, 07/25 क्रमांकाची. तिथे चुकायला वाटाच कमी. मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. दिल्लीत चार आहेत, शिवाय 2023 पासून रस्त्यांच्या वरून जाणारा उन्नत टॅक्सीवे, म्हणजे विमानांना चालत जायची वाटही आहे. अशा ठिकाणी ग्राउंड कंट्रोलर, म्हणजे जमिनीवरच्या विमानांना रेडिओवरून वाट सांगणारा, एका दमात पाच-सहा वळणं सांगतो आणि मध्येच कुठेतरी 'होल्ड शॉर्ट', म्हणजे 'अलीकडेच थांबा', येतं. व्यावसायिक परवान्यासाठी लागणारे 200 तास आपण बहुतेक लहान विमानतळांवर भरतो, त्यामुळे हा गुंता नोकरीत शिरल्यावरच पुढ्यात येतो.

त्यात विमानाचा स्वतःचा स्वभाव. नाकाचं चाक आपल्या आसनाच्या मागे असतं, म्हणून वळणाची पिवळी रेषा आपल्या खालून मागे सरकू द्यायची आणि मग टिलर, म्हणजे ते चाक वळवायची मूठ, फिरवायचा. सुरुवातीला हे जिवावर येतं, कारण आपण गवतात चाललो आहोत असं वाटतं. वेगही फसवतो. नुकतंच 130 नॉटने (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) उतरलेल्या माणसाला 30 नॉट म्हणजे रांगणं वाटतं. म्हणून अंदाजावर न जाता पडद्यावरचा ग्राउंड स्पीड, म्हणजे जमिनीवरचा वेग, बघा. काटकोनात वळताना तो 10 च्या आसपास हवा.

पाट्यांचे रंग मात्र झोपेतून उठवलं तरी सांगता आले पाहिजेत. काळ्या पाटीवर पिवळं अक्षर म्हणजे तुम्ही आत्ता ज्या टॅक्सीवेवर आहात तो. पिवळ्या पाटीवर काळं अक्षर आणि बाण म्हणजे पुढे फुटणारी वाट. लाल पाटीवर पांढरे आकडे म्हणजे समोर धावपट्टी. जमिनीवर चार पिवळ्या रेषा आडव्या आल्या आणि त्यातल्या दोन अखंड रेषा तुमच्या बाजूला असल्या, तर परवानगीशिवाय पुढे जायचं नाही. लाल दिव्यांची रांग पेटलेली असेल, तर परवानगी ऐकल्यासारखी वाटली तरीही थांबा आणि विचारा.

माझी चूक सांगते. एका मोठ्या विमानतळावर रात्री पावसात उतरलो. ओल्या काँक्रीटवर निळे-हिरवे दिवे असे पसरले होते की कुठली रेषा कुठे जाते ते कळेना. कॅप्टन टॅक्सी करत होते, नकाशा माझ्याकडे होता. रीडबॅक, म्हणजे मिळालेली सूचना परत म्हणून दाखवणं, मी बरोबर दिला, पण नेमकं वळणाच्या आधी डोळे आत वळवून चेकलिस्ट सुरू केली. मान वर केली तर काळ्या पाटीवरचं अक्षर मी कागदावर लिहिलेल्या अक्षराशी जुळेना. आणि तरी तीन-चार सेकंद मी गप्प राहिले. एवढ्या अनुभवी माणसाला मी काय सांगणार, असं वाटलं. मग एकदाचं म्हणाले, "सर, थांबूया." ते तत्काळ थांबले. ग्राउंडला आम्ही चुकल्याचं सांगितलं, 'रिक्वेस्ट डिटेल्ड टॅक्सी इन्स्ट्रक्शन्स', म्हणजे वाट सविस्तर सांगा, असं म्हटलं आणि दोन मिनिटांत दुसऱ्या वाटेने निघालो. पार्किंगमध्ये इंजिन बंद झाल्यावर कॅप्टननी एवढंच विचारलं, "दिसलं तेव्हाच का नाही बोललीस?"

त्या तीन-चार सेकंदांची भीती मला अजून वाटते, कारण यातले अपघात मी नीट वाचले आहेत. 27 मार्च 1977 ला स्पेनच्या तेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जंबो विमानं धडकली आणि 583 माणसं गेली. केएलएम कंपनीच्या विमानाने परवानगीशिवाय उड्डाण सुरू केलं हे मुख्य कारण, पण दुसरं, पॅन अ‍ॅम कंपनीचं विमान सांगितलेल्या वळणापाशी धावपट्टीबाहेर पडलं नव्हतं, तेही पुढेच सरकत होतं. 8 ऑक्टोबर 2001 ला इटलीत मिलानच्या लिनाते विमानतळावर एक छोटं सेसना धुक्यात भलत्याच टॅक्सीवेला लागलं आणि उड्डाण घेणाऱ्या विमानापुढे धावपट्टीवर आलं. 118 जण गेले. तिथल्या खुणा आणि पाट्याही धड नव्हत्या. वैमानिक एकटेच चुकतात असं नाही, पण ब्रेक त्यांच्याच पायाखाली असतो.

म्हणून नव्यांनी तयारी घरूनच करावी. नकाशावरचे हॉट स्पॉट, म्हणजे जिथे गोंधळ होण्याचा धोका जास्त ती ठिकाणं, आदल्या रात्री पेन्सिलीने गिरवा. मिळालेला मार्ग एकेका अक्षरात लिहा, धावपट्टी ओलांडायची असेल तिथे आडवी रेघ मारा. विमान हलत असताना दोघांनी मिळून आत बघायचं नाही.

माझा सराव रामबागेतल्या घराच्या गच्चीवर झाला. खडूने अख्खा विमानतळ काढायचे. पाण्याच्या टाकीपासून जिन्यापर्यंतची पट्टी म्हणजे धावपट्टी. बाबा शाळेत मास्तर होते, आता निवृत्त आहेत. ते खुर्चीत बसून कागदावरची वळणं खणखणीत आवाजात वाचायचे, मी ती परत म्हणून दाखवायची आणि मगच पाऊल उचलायची. 'होल्ड शॉर्ट' मी परत म्हटलं नाही, तर बाबा पुढचा शब्दच उच्चारत नसत, कागद मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत राहत. यंदा दिवाळीत माझा मावसभाऊ, फ्लाइंग शिकतोय, त्याच खडूच्या रेषांवर चालत होता. जिन्यापाशी तो न बोलताच पुढे निघाला. बाबांनी कागद खाली ठेवला.