पणजोबा नावाने सापडेनात तेव्हा

फॅमिलीसर्च या जुन्या नोंदी शोधण्याच्या फुकट संकेतस्थळावर पणजोबांचं नाव टाकलं की पदरी काहीच पडत नव्हतं. मग यूट्यूबवर वंशावळ शोधण्याचे फुकट व्हिडिओ बघायला घेतले. ‘वंशवृक्ष म्हणजे काय’ छापाचे सरळ वगळले. त्यात नुसतं पाल्हाळ.

कामाचा निघाला तो वाइल्डकार्डवरचा, म्हणजे नावातल्या खात्री नसलेल्या अक्षरांऐवजी चिन्हं टाकून शोधण्यावरचा. एका अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह, कितीही अक्षरांच्या जागी तारांकन. रोमन लिपीत आडनावाचं स्पेलिंग लिहिणाऱ्यागणिक बदलतं, म्हणून स्वरांच्या जागी तारांकनं टाकली आणि जन्मसालाला मागेपुढे पाच वर्षांची सूट दिली. घरच्यांनी सांगितलेलं साल हा बहुतेकदा अंदाजच असतो! पणजोबा नाही, पण त्यांचे धाकटे भाऊ सापडले, गावाच्या नावासकट.

पुढची किल्ली दुसऱ्या व्हिडिओत होती. ज्या नोंदींची नावनिशीवार सूची झालेली नाही, त्या नेहमीच्या शोधात नावाने येत नाहीत. संकेतस्थळाच्या कॅटलॉगमध्ये ठिकाण टाकून स्कॅन केलेली पानं एकेक चाळावी लागतात. डोळे दुखतात, पण पणजोबा तिथेच भेटले, भावाच्या लग्नाचे साक्षीदार म्हणून. वळणदार सही, वय, वडिलांचं नाव, सगळं एका ओळीत. त्या स्कॅनच्या चित्राचा क्रमांक लगेच टिपून ठेवला. तेच पान पुन्हा हुडकायचं म्हणजे नाकी नऊ येतात.

आता पणजीच्या माहेरची माणसं शोधतोय.