डब्यातली पाकोळी ओळखताना या चुका टाळा

इंदूरला पावसाळा लागला की रामबागेतून हाक येतेच, "बघा हो, पिठात पाकोळी झाली!" मी पोहोचेपर्यंत तिला कुणीतरी चिमटीत धरलेलं असतं. बाकी सगळ्या चुका एकीकडे आणि ही एकीकडे.

पंखांवरचा रंग म्हणजे कवेलूंसारखे एकावर एक बसलेले बारीक खवले. बोट लागलं की ते झडतात आणि त्यांच्याबरोबर ओळखही जाते. सुक्या मेव्यात होणारी पाकोळी, प्लोडिया, दुरंगी असते. पुढच्या पंखाचा अंगाकडचा तिसरा हिस्सा फिकट राखाडी, उरलेला तांबूस, तांब्यासारखा चमकणारा, त्यावर गडद आडव्या रेघा. तांदळातली कॉर्सिरा मात्र सरसकट करडी-तपकिरी, ठळक नक्षी नाही.

एका काकूंनी कागदात गुंडाळून पाकोळी आणली. पंख नुसते करडे. मी कॉर्सिरा म्हणाले. काकूंनी तांदूळ, रवा उन्हात घातला, डबे घासले, तरी दोन महिने पाकोळ्या येतच राहिल्या. मग छताशी एक धड पाकोळी बसलेली दिसली, तांबूस पट्टा स्वच्छ. देवघराशेजारच्या फडताळात प्रसादाच्या बदाम-मनुकांचा डबा होता, आत नुसतं जाळं. झडलेल्या पंखांवरून नाव सांगायला नकोच होतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून मी पाकोळीवर पेला उपडा घालते, खालून पोस्टकार्ड सरकवते आणि दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवते. गारठली की निवांत बसते. फोटो खिडकीच्या उजेडात काढायचा. फ्लॅशने तांब्याची चमक पांढरी पडते. नवशिक्यांना एवढाही धीर नसतो. अंधुक फोटो अ‍ॅपला दाखवायचा आणि ते सांगेल ते नाव खरं मानायचं, हे मला अजिबात पटत नाही.

मापातही घोळ होतो. प्लोडियाचे १६ ते २० मिलिमीटर हे पसरलेल्या पंखांचे. बसलेली पाकोळी त्याच्या निम्मीच दिसते.

गव्हातली सिटोट्रोगा काडाच्या रंगाची. तिचा मागचा पंख बघाच: टोक बोटासारखं निमुळतं, कडेला लांब झालर.

प्लोडियाच्या 'इंडियन मील मॉथ' या इंग्रजी नावातल्या 'इंडियन'वरून ती आपल्याकडचीच, असं समजू नका. १८५६ मध्ये न्यूयॉर्कचे कीटकशास्त्रज्ञ आसा फिच यांनी ते नाव दिलं, मक्याच्या पिठावरून; तिकडे त्याला 'इंडियन मील' म्हणत.

आणि झिजलेली पाकोळीच हाती आली, तर नावाच्या मागे लागू नका. उडणारी काही खात नाही, खातो तो तिचा सुरवंट. फडताळातला एकेक डबा उघडा, जाळं शोधा.