विटेचे उपयोग दोन मिनिटांत? या चुका टाळा

"विटेचे वेगवेगळे उपयोग लिहा. वेळ दोन मिनिटं." ही झाली कल्पकतेची चाचणी. वेळ संपली की कागद गोळा करायचे आणि मुलांमध्ये कल्पकताच नाही असा निकाल लावायचा. हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता राग येतो.

दोन मिनिटांत हाताशी येतं ते आठवणीतलं: भिंत, दाराला टेकण, कागदांवर वजन. ते सगळ्यांनाच सुचतं. ख्रिस्टेनसेन, गिलफर्ड आणि विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९५७ मध्येच दाखवलं होतं की यादी पुढे सरकते तशी उत्तरं अधिक वेगळी, इतरांना सहसा न सुचणारी होत जातात. म्हणजे नेमकं वेगळं काही यायच्या वेळी आपण घंटा वाजवतो.

ही चूक मीही केली आहे. दहा मिनिटांची चाचणी होती. चौथ्या मिनिटाला सगळ्यांची पेनं थांबली, म्हणून मी आटोपतं घेतलं. कागद गोळा करताना एका मुलीने तिचा कागद सोडलाच नाही. "बाई, आत्ता कुठे सुचायला लागलं होतं." तिची शेवटची ओळ होती, 'भुकटी करून चित्रात रंग भरणे'. तिच्या पुढच्या ओळी मला कधीच कळल्या नाहीत.

तेव्हापासून शांतता पसरली तरी मी हलत नाही. दर दोन मिनिटांनी कागदावर आडवी रेघ मारायला सांगते, म्हणजे कोणतं उत्तर कधी आलं ते दिसतं. लुकास आणि नॉर्डग्रेन यांच्या २०२० च्या अभ्यासातही हेच आहे: पुढे पुढे कल्पना कमी दर्जाच्या होतील असं लोकांना वाटतं, प्रत्यक्षात तसं होत नाही.

एका गटाला तीन मिनिटं, दुसऱ्याला दहा, आणि तुलना एकूण गुणांची? करू नका. उत्तरं जास्त तर दुर्मिळ उत्तरंही जास्त निघणारच. मी प्रत्येकाला त्याची सर्वांत वेगळी दोन उत्तरं निवडायला लावते आणि तीच तपासते.

वेळ आधी सांगा. मध्येच "लवकर, लवकर" म्हणू नका.

लहान मुलं असतील तर घड्याळ बाजूलाच ठेवा. वॉलक आणि कोगन यांनी १९६५ मध्ये वेळेच्या बंधनाशिवाय, खेळासारख्या वातावरणात काम करून घेतलं होतं. अर्धा दिवस जातो, ही तक्रार मी ऐकते, पण पटत नाही. वेळ खरंच कमी असेल तर निदान "कुणालाच सुचणार नाही असं लिहा" एवढं स्पष्ट सांगा. उत्तरं कमी येतील, पण वेगळी येतील.