खिशात मावणारा गेम सर्व्हर

चार-पाच जणांना एकत्र बसून खेळायचे असेल आणि इंटरनेटचा भरवसा नसेल, तर रास्पबेरी पायसारख्या एका लहान बोर्डावर मावणाऱ्या संगणकावर स्वतःचा सर्व्हर चालवणे हा सुटसुटीत मार्ग आहे. बोर्ड निवडताना बहुतेकांचे सगळे लक्ष प्रोसेसर आणि मेमरी यांच्याकडे असते. पण एवढ्या खेळाडूंसाठी रास्पबेरी पाय ४ चे २ जीबी मेमरीचे मॉडेल पुरते. फिरता सर्व्हर अडतो तो वीज, वायफाय आणि बंद करण्याची पद्धत या तीन ठिकाणी. पिशवीतून काढून वीज जोडली की तो आपोआप उभा राहिला पाहिजे आणि खेळ संपल्यावर खेळातले जग शाबूत ठेवून बंद झाला पाहिजे. पुढची सगळी मांडणी याच अपेक्षेवर बेतलेली आहे.

प्रथम खेळाची निवड. ठोकळ्यांचे जग उभारण्याच्या माइनक्राफ्ट या खेळाची जावा आवृत्ती अशा बोर्डावर चालते, पण तिचा सर्व्हर प्रत्येक खेळाडूचे खाते इंटरनेटवरून तपासतो. इंटरनेट नसताना खेळायचे तर ही तपासणी बंद करावी लागते आणि मग कोणीही कोणाचेही नाव घेऊन आत येऊ शकतो. त्यामुळे मी तशाच ठोकळ्यांच्या जगासाठी लुआंटी वापरतो. हा मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्प २०१० साली माइनटेस्ट या नावाने सुरू झाला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याचे नाव बदलले. तो खेळाडूंची नावे आणि पासवर्ड सर्व्हरवरच ठेवतो, त्याचा सर्व्हर मेमरी बेताने वापरतो आणि खेळाडूंना अँड्रॉइड फोनवरूनही सामील होता येते. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी: लुआंटी हे केवळ इंजिन, म्हणजे खेळ चालवणारा पाया आहे. त्यावर चालणारा खेळ, उदाहरणार्थ व्हॉक्सलिब्रे, वेगळा उतरवून घ्यावा लागतो आणि हे काम इंटरनेट हाताशी असतानाच उरकावे.

मेमरी कार्डावर रास्पबेरी पाय ओएस या कार्यप्रणालीची ६४ बिटांची लाइट आवृत्ती चढवावी. ती चढवणाऱ्या इमेजर या प्रोग्राममध्येच वापरकर्त्याचे नाव, पासवर्ड, एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून बोर्डात शिरण्याची सोय) आणि वायफायचा देश भरून ठेवता येतो. यांतला देश रिकामा ठेवू नये; तो ठरलेला नसेल तर वायफाय रेडिओ बंदच राहू शकतो आणि दोष कुठे आहे ते शोधण्यात संध्याकाळ जाते.

यानंतर बोर्डाला स्वतःचे वायफाय द्यायचे. दुसऱ्याच्या राउटरवर विसंबून राहिले की प्रत्येक ठिकाणी नवा पासवर्ड, नवा आयपी पत्ता आणि नवी अडचण असते. रास्पबेरी पाय ओएसच्या बुकवर्म आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांमध्ये नेटवर्कचा कारभार नेटवर्क मॅनेजर या प्रोग्रामकडे असतो आणि त्याचा एनएमटीयूआय हा मेनू टर्मिनलमध्येच उघडतो. त्यात नवीन वायफाय जोडणी घेऊन मोड ‘ॲक्सेस पॉइंट’, सुरक्षा डब्ल्यूपीए-२ आणि आयपीव्ही-४ ‘शेअर्ड’ असे ठेवावे आणि आपोआप जोडण्याच्या चौकटीत खूण करावी. घरच्या वायफायच्या जोडणीवरची तीच खूण काढून टाकावी, नाहीतर घरात असताना बोर्ड स्वतःचे जाळे उभारण्याऐवजी घरच्या जाळ्यात शिरेल. हे सगळे बदल नेटवर्क केबल जोडून करावेत. वायफायवरून आत शिरून वायफायच बदलणे म्हणजे बसलेल्या फांदीवर कुऱ्हाड चालवणे होय. पुढे अपडेट घ्यायचे असतील तेव्हाही हीच केबल कामी येते.

या मांडणीत बोर्डाचा पत्ता सहसा १०.४२.०.१ असतो आणि लुआंटीचे ठरलेले यूडीपी पोर्ट, म्हणजे खेळाडूने पत्त्यासोबत भरायचा क्रमांक, ३०००० आहे. हे दोन आकडे आणि वायफायचा पासवर्ड बोर्डाच्या डबीच्या झाकणावर चिकटवून ठेवावेत. फोनवाल्यांना मोबाइल डेटा बंद करायला आवर्जून सांगावे, कारण या वायफायला इंटरनेट नाही हे लक्षात येताच बरेच फोन गुपचूप डेटाकडे वळतात आणि खेळाडू म्हणतो, सर्व्हर सापडत नाही. बोर्डाचा अंगभूत अँटेना लहान असतो. एका खोलीपुरता तो ठीक चालतो, पण खेळाडू वाढणार असतील किंवा दोन खोल्यांत बसणार असतील, तर केबलने एक छोटा राउटर जोडून वायफायचे काम त्याच्याकडे सोपवावे. तेव्हा बोर्डाला त्या राउटरमध्ये कायमचा पत्ता नेमून द्यावा आणि झाकणावरचा आकडा बदलावा.

सर्व्हर सिस्टमडीची (कार्यप्रणालीतले प्रोग्राम सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेची) सेवा म्हणून चालवावा, म्हणजे बोर्ड चालू झाला की तोही आपोआप सुरू होतो. सेवेला पुन्हा सुरू होण्याची अट ‘केवळ बिघाड झाल्यास’ अशी द्यावी. ‘नेहमी’ अशी दिली तर आपण खेळातून शटडाउनची आज्ञा देतो आणि सर्व्हर लगेच पुन्हा उठून बसतो. लुआंटीच्या सेटिंगच्या फाइलमध्ये स्वतःचे नाव व्यवस्थापक म्हणून नोंदवावे, रिकामा पासवर्ड चालणार नाही असे ठरवावे आणि खेळाडूंची मर्यादा मूळच्या १५ वरून प्रत्यक्ष संख्येपर्यंत खाली आणावी. पहिल्यांदा आत येणाऱ्या प्रत्येकाला खेळाची चित्रे आणि आवाज सर्व्हरवरून उतरवावे लागतात, म्हणून सगळ्यांना एकदम न बोलावता एकेकाला आत घेतलेले बरे.

आता विजेकडे वळू. पाय ४ ला ५ व्होल्ट आणि ३ अँपिअरपर्यंतचा पुरवठा लागतो. १०००० एमएएच पॉवरबँकेतील सेल ३.७ व्होल्टचे असतात, म्हणजे साठा ३७ वॉट-तासांचा. व्होल्टेज वाढवण्यात काही वीज जाते आणि साधारण ३० वॉट-तास हाती येतात. बोर्ड सरासरी ५ वॉट घेत असेल, तर हिशेब ६ तासांचा होतो; मी ५ तासच धरतो. साठ्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न पुरवठा अखंड राहतो का, हा आहे. एकदा ऐन खेळात कोणीतरी पॉवरबँकेच्या दुसऱ्या पोर्टात फोन लावला, पॉवरबँकेने क्षणभर दोन्ही पोर्ट तोडून पुन्हा जोडली आणि तेवढ्यात बोर्ड रीस्टार्ट झाला. तेव्हापासून नवीन पॉवरबँक आणली की बोर्ड चालू ठेवून मी दुसऱ्या पोर्टात फोन लावून-काढून पाहतो आणि पॉवरबँकेचा चार्जरही जोडून-तोडून पाहतो.

केबल आखूड आणि जाड असावी. बारीक केबलमध्ये व्होल्टेज पडते, बोर्ड आपला वेग कमी करतो आणि खेळाडूंना खेळ अडखळल्यासारखा वाटतो. व्हीसी-जेन-सीएमडी या आज्ञेने थ्रॉटलिंगची, म्हणजे वेग घटवण्याची, स्थिती विचारता येते. उत्तरात केवळ शून्य आले तर बोर्ड सुरू झाल्यापासून वीज आणि तापमान या दोन्हींची तक्रार नाही. बोर्ड ८० अंश सेल्सिअसच्या आसपास वेग घटवू लागतो, तेव्हा उष्णता शोषणारी धातूची डबी घ्यावी आणि खेळ चालू असताना ती पिशवीत कोंबून ठेवू नये.

बंद करण्यासाठी खरी कळ बसवावी. बूट विभाजनातील कॉन्फिगच्या फाइलमध्ये जीपीआयओ-शटडाउन हा ओव्हरले (हार्डवेअरची जादा सोय चालू करणारी ओळ) घातला की बोर्डावरच्या जोडणीच्या पिनांपैकी जीपीआयओ ३ आणि ग्राउंड यांच्यामध्ये, म्हणजे पाचव्या आणि सहाव्या पिनांवर, जोडलेले साधे बटन दाबून बोर्ड नीट बंद होतो आणि तेच बटन पुन्हा दाबले की उठतो. पाय ५ ला असे बटन मुळातच आहे. जीपीआयओ ३ हीच आयटूसीची, म्हणजे जादा मॉड्यूल जोडण्याच्या मार्गाची, पिन असल्याने घड्याळाचे मॉड्यूल लावायचे झाल्यास बटन दुसऱ्या पिनेवर न्यावे लागते; बंद करणे तेव्हाही जमते, पण उठवण्याची सोय जाते. पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारे घड्याळ नसल्यामुळे इंटरनेटविना त्याची वेळ मागे राहते. मला त्याने खेळात अडचण आली नाही, म्हणून मी बटन ठेवले आणि घड्याळाचा नाद सोडला. मात्र त्यामुळे बॅकअपच्या फाइलला तारखेचे नाव न देता क्रमांक द्यावा, नाहीतर जुनी प्रत कोणती आणि नवी कोणती हे तारखेवरून कळणार नाही.

बॅकअप घेताना सर्व्हरची सेवा आधी थांबवावी, कारण जगाचा नकाशा एसक्यूलाइट या डेटाबेसच्या फाइलमध्ये असतो आणि लिहिणे चालू असताना केलेली साधी प्रत अर्धवट निघू शकते. सेवा थांबल्यावर जगाचे पूर्ण फोल्डर पेनड्राइव्हवर घ्यावे, मग बटन दाबावे आणि हिरव्या दिव्याची लुकलुक पूर्ण थांबेपर्यंत पॉवरबँकेच्या केबलला हात लावू नये.