फिल्मवर रात्र टिपताना

रात्रीचा पहिला रोल धुऊन येतो आणि निगेटिव्ह जवळजवळ कोरी, काचेसारखी पारदर्शक निघते. कॅमेरा बिघडलेला नसतो, फिल्मला प्रकाश कमी पडलेला असतो. रात्री फिल्म मागते त्याहून कमी देणं, ही एकच चूक बहुतेक रोल वाया घालवते. म्हणून आधी दिवसाचे दोन रोल हातावेगळे करा आणि दिवसा-रात्री फिल्म एकच ठेवा. इथले आकडे इलफर्ड एचपी५ प्लस या ४०० आयएसओच्या (आयएसओ म्हणजे फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील आहे त्याचा आकडा) कृष्णधवल फिल्मचे आहेत.

कॅमेरा जुना घेणार असाल तर पूर्ण मेकॅनिकल घ्या, पेंटॅक्स के१००० किंवा निकॉन एफएम२ सारखा. त्याला बॅटरी फक्त मीटरसाठी, म्हणजे प्रकाश मोजण्यासाठी लागते, त्यामुळे शटर तासभर उघडं ठेवलं तरी अडत नाही. घेण्याआधी मागचं दार उघडा आणि एक सेकंदाचं शटर चालवून कानाने मोजा. मग दाराच्या खोबणीतला काळा फोम बोटाने दाबून बघा. तो डांबरासारखा चिकट झाला असेल तर बदलून घ्या, नाहीतर आपल्याकडच्या दुपारच्या उन्हात तिथूनच प्रकाश आत झिरपतो.

रोल सावलीत भरा. फिल्मची जीभ उजवीकडच्या स्पूलच्या फटीत अडकवा, दोन्ही कडांची भोकं दातऱ्यांवर बसली का ते पाहा आणि दार लावा. आता डावीकडचा रिवाइंड नॉब बाणाच्या दिशेने हलका फिरवून ढील काढा. लिव्हर ओढताना हा नॉब उलटा फिरला पाहिजे. तो नुसता उभा राहिला तर फिल्म जागची हललेली नाही, मग आकडा ३६ दाखवत असला तरी आत एकही फोटो नसतो. दोन फ्रेम रिकाम्या सोडून सुरुवात करा.

दिवसाचं गणित सोपं आहे. कडक उन्हात एफ/१६ (हा ॲपर्चरचा, म्हणजे लेन्सच्या छिद्राचा आकडा; तो जितका लहान तितका प्रकाश जास्त) आणि शटर आयएसओच्या आकड्याजवळ, म्हणजे १/५०० सेकंद. मोकळ्या सावलीत एफ/५.६. पहिल्या रोलच्या दहा-बारा फ्रेम खिडकीपाशी टेबल ठेवून त्यावरच्या वस्तूंवर घालवा. चाळीसगावचे केकी मूस (१९१२–१९८९) यांची टेबल-टॉप छायाचित्रं घरातच मांडणी करून झालेली आहेत. चाळीसगावात त्यांचं कलादालन आहे, ते जरूर पाहा. एका वस्तूवर प्रकाश किती अंगांनी पडू शकतो, हे तिथे कळतं. प्रत्येक फ्रेमचं ॲपर्चर आणि शटर वहीत लिहा. निगेटिव्हशी ताडून बघितल्याशिवाय हात बसत नाही.

रात्री मीटरवर आंधळा विश्वास ठेवू नका. चौकटीत एक दिवा आला की मीटर त्यालाच भुलतो आणि बाकी सगळं काळं पडतं. दिवा चौकटीबाहेर ठेवून मोजा. दत्तजयंतीला तापीकाठच्या सारंगखेड्याची, घोडेबाजाराची यात्रा भरते, तिथल्या झगमगत्या दुकानांसाठी एफ/२.८ आणि १/३० पासून सुरू करा. घोडे आणि माणसं हलत असतील तर १/३० ला ती पुसट येणार. तेव्हा पूर्ण रोल १६०० आयएसओ समजून काढा, १/१२५ मिळेल. मात्र डब्यावर ‘१६००’ लिहा आणि लॅबला ‘दोन स्टॉप पुश’ सांगा, म्हणजे दोनदा निम्मा झालेला प्रकाश भरून काढायला ते फिल्म जास्त वेळ डेव्हलप करतील. अर्धा रोल असा, अर्धा तसा चालत नाही. पुश केल्याने सावलीतला तपशील मात्र परत येत नाही, तो गेलाच समजा.

अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या होळीत लोक रात्रभर नाचतात आणि पहाटे होळी पेटते. आगीच्या उजेडातल्या चेहऱ्यांसाठी एफ/२ आणि १/६० ठेवा. मोजमाप चेहऱ्याचं घ्या, ज्वाळेचं नाही. फ्लॅश लावला तर ज्या उजेडासाठी गेलात तोच मारला जातो. मोरपिसांचा टोप घालून, कमरेला भोपळे बांधून नाचणारे व्रतस्थ असतात, त्यांना आधी विचारा.

ट्रायपॉडवरचे लांब एक्स्पोजर ही वेगळीच विद्या. एक सेकंदापुढे फिल्म मंदावते, तिला हिशोबापेक्षा जास्त वेळ लागतो. याला रेसिप्रॉसिटी फेल्युअर म्हणतात. एचपी५ वर मीटरने ४ सेकंद सांगितले तर ६ द्या, १० चे २०, आणि ३० चे सुमारे ८५. दत्तजयंती आणि होळी दोन्ही पौर्णिमेला. तापीकाठचं चांदणं एफ/४ ला साधारण ३० सेकंद मागतं, म्हणजे प्रत्यक्षात दीड मिनिट. खुद्द चंद्र मात्र उन्हात न्हालेला असतो, त्याला एफ/११ आणि १/५०० पुरे. दोन्ही एका फ्रेममध्ये नीट येत नाहीत.

लांब एक्स्पोजरला शटर ‘बी’वर (दाबून ठेवाल तोवर उघडं) आणि केबल रिलीज, म्हणजे कॅमेऱ्याला हात न लावता शटर दाबायची तार, कुलूपबंद. लेन्ससमोर, न टेकवता, काळा पुठ्ठा धरा, शटर उघडा, चार सेकंद थांबा, हादरा विरू द्या, मग पुठ्ठा काढून मोजायला लागा. मध्येच मोटरसायकलचा झोत आला तर पुठ्ठा परत आडवा धरा आणि मोजणी थांबवा.

ताऱ्यांच्या रेषांसाठी अमावास्येच्या आसपास सातपुड्यातलं तोरणमाळ गाठा. पावसाळा टाळा, तिथे धुकं असतं. खान्देश २१ अक्षांशाच्या आसपास आहे, म्हणून ध्रुवही उत्तर क्षितिजापासून तेवढ्याच अंशांवर दिसतो. हात लांब करून एकावर एक दोन मुठी मोजा, तिथे ध्रुव. त्याला चौकटीत धरा, फोकस अनंतावर, एफ/५.६ आणि एक तास. तासाभरात तारे १५ अंश सरकतात. मार्गशीर्ष-पौषात लेन्सवर दव धरतं, ते पंधरा मिनिटांनी टॉर्चच्या तिरप्या उजेडात तपासा. पुसायचं तर पुठ्ठा आडवा धरून.

उन्हाळ्यात पारा ४५ ला जातो, तेव्हा रोल गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. फ्रिजमधून काढलेला रोल तासभर डबीतच राहू द्या, लगेच उघडलात तर त्यावर ओल धरते. घरी धुणार असाल तर एचपी५ साठी डी-७६ हा डेव्हलपर, तयार द्रावणात आणखी पाणी न मिसळता, २० अंशांना साडेसात मिनिटं. गच्चीवरच्या टाकीचं पाणी मे महिन्यात त्याहून कितीतरी गरम असतं, म्हणून बर्फाच्या घमेल्यात बाटल्या उभ्या करा आणि थर्मामीटर बुडवून ठेवा. बर्फ थेट द्रावणात टाकू नका, ते पातळ होतं. गरम द्रावणात वेळ पाच मिनिटांखाली उतरली की आकाशात डाग उमटतात. शेवटच्या धुण्याचं पाणीही थंडच घ्या, तापलेल्या पाण्यात जिलेटिनचा थर मऊ पडतो आणि बोट लागलं तरी ओरखडा राहतो.